विषय : आंतरराष्ट्रीय उड्डाणात अल्पवयीन प्रवाशाकडून जुगाराचे पैसे घेतल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

आपल्या अधिकाऱ्यांशी आज दूरध्वनीवर जे बोलणे झाले, त्यानंतर लेखी तक्रारीवाचून पर्याय उरलेला नाही.

उड्डाणादरम्यान इंटरनेटचे पैसे भरण्यासाठी मी मुलाच्या आसनासमोरील पडद्यावर माझे क्रेडिट कार्ड वापरले. यंत्रणेने ते परस्पर साठवून ठेवले आणि मी झोपेत असताना त्याच पडद्यावरील जुगाराच्या खेळांसाठी त्यातून पुन्हा पुन्हा पैसे वळते केले. मुलगा अल्पवयीन असून त्याची जन्मतारीख आपल्याच नोंदीत आहे. तरीही वय तपासले नाही, कार्डधारकाची संमती घेतली नाही, रकमेला मर्यादाही नव्हती.

आपले अधिकारी प्रथम म्हणाले, “बटण प्रवाशानेच दाबले.” मी मुलाचे वय सांगताच त्यांनी मला बराच वेळ ताटकळत ठेवले आणि परत येऊन सांगितले, “विमान समुद्रावर होते, तिथे कोणत्याच देशाचा कायदा चालत नाही.” मी त्यांना हे वाक्य पुन्हा म्हणायला लावले. त्यांनी ते जसेच्या तसे म्हटले, आणि वर, “पुढच्या वेळी पडदा बंद ठेवा,” असा सल्लाही दिला. एका पालकाला हे उत्तर देणे संतापजनक आहे.

ते खोटेही आहे. १९४४ च्या शिकागो करारानुसार विमानाला नोंदणीच्या देशाचे राष्ट्रीयत्व असते आणि १९६३ च्या टोकियो करारानुसार भर समुद्रावरही विमानातील गुन्ह्यांबाबत त्या देशाला अधिकार असतो. अमेरिकेने तर १९९४ मध्येच कायदा करून आपल्या देशात ये-जा करणाऱ्या परकीय कंपन्यांच्या विमानांतही जुगाराच्या यंत्रांना मनाई केली. आपल्या अमेरिकेच्या उड्डाणांत हे खेळ बंदच असतात. एका अख्ख्या मार्गावर जे बंद ठेवता येते, ते एका मुलाच्या आसनावर बंद ठेवता आले नसते काय? वय तपासले नाही, हे मी पुन्हा नमूद करतो.

संपूर्ण रक्कम परत करावी, अल्पवयीनांच्या आसनांवर हे खेळ उपलब्धच नसावेत, आणि इतरांसाठी दर वेळी कार्डधारकाची नवी संमती व खर्चाची कमाल मर्यादा सक्तीची करावी. आमच्या कुटुंबाने आजवर विश्वासाने आपलीच कंपनी निवडली. तो विश्वास आता उरलेला नाही. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास विमानाच्या नोंदणीच्या देशातील हवाई वाहतूक नियामकाकडे तक्रार करीन आणि बँकेकडे या व्यवहारांना हरकत घेईन.

आपला,
एक प्रवासी व पालक