सूचना: नॉमिनेशन आणि इच्छापत्राबाबत

सर्व सभासदांना नमस्कार.

१ नोव्हेंबर २०२५पासून बँक खात्यावर आणि ठेवींवर चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. एकाच वेळी चौघांना टक्केवारी ठरवून देता येते (बेरीज १०० व्हायला हवी), किंवा एकानंतर दुसरा असा क्रम लावता येतो. लॉकरसाठी मात्र फक्त क्रमच चालतो. जुना एकच नॉमिनी असेल आणि तो हयात नसेल, तर आधी बँकेत जा, बाकीचं नंतर.

एक गैरसमज काही केल्या जात नाही: नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे स्वीकारतो. हक्क ठरतो इच्छापत्रावरून किंवा वारसा कायद्यावरून. शेअर्सबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३मध्ये हेच सांगितलं. इच्छापत्राला स्टँप ड्यूटी नाही, नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदार मात्र हवेतच. ज्यांना वाटा मिळणार आहे, त्यांना साक्षीदार करू नका.

वारसाने घर मिळालं म्हणून आपल्याकडे कर लागत नाही. मृत्यूकर १९८५मध्येच गेला. कर लागतो तो विकताना. २३ जुलै २०२४पूर्वी घेतलेल्या घराच्या विक्रीतल्या नफ्यावर भारतात निवासी असलेल्या व्यक्तीला इंडेक्सेशनशिवाय (म्हणजे खरेदीची किंमत महागाईनुसार न वाढवता) १२.५ टक्के किंवा इंडेक्सेशनसह २० टक्के, यातला कमी कर भरता येतो. त्यासाठी वडिलांच्या खरेदीचीच कागदपत्रं लागतात, ती रद्दीत टाकू नका.

सोसायटीतील नॉमिनेशनचे फॉर्म कार्यालयात ठेवले आहेत. महिनाअखेरपर्यंत भरून द्यावेत.

– सचिव