अंगणाभोवतीच्या घराला परवानगी का नाही? मंत्रीमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

नवी मुंबईतल्या बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमधलं माझं घर पुन्हा बांधण्याचा प्रस्ताव गेल्या आठवड्यात नामंजूर झाला. निवडणुकीआधी आपण आमच्याच चौकात म्हणाला होतात, "या वसाहतीसाठी तीन महिन्यांत वेगळी नियमावली आणतो." टाळ्या मीही वाजवल्या. आपण मंत्री झालात. नियमावलीचं नाव काढलं की आपले स्वीय सहायक चहा मागवतात.

वसाहतीची माहिती त्या दिवशी वाचून दाखवली होती, पण आपण फोनवर होतात. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी 1983 ते 86 च्या दरम्यान ती सिडकोसाठी, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळासाठी, रचली. आठ बाय आठ मीटरच्या अंगणाभोवती सात घरं, असे तीन पुंजके मिळून एक मोठा चौक. साडेपाचशेच्या आसपास कुटुंबं, पाच-सहा हेक्टरांत, एकही टॉवर न उभारता. दोन घरांत सामाईक भिंत नाही, तेही मुद्दाम: संसार वाढेल तसं घर वाढावं, शेजाऱ्याला धक्का न लागता. अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटची सेंद्रिय वास्तुकला, म्हणजे जागेतूनच उगवल्यासारखं घर, बहुतेकदा श्रीमंतांच्या बंगल्यांत बघावी लागते. इथे ती पगारदारांच्या ऐपतीत आली होती.

माझ्या आर्किटेक्ट मुलीने त्याच वळणाचं घर काढलं. उतरती मंगलोरी कौलं, आंब्याला वळसा घालणारी भिंत, तोंड अंगणाकडे. शेरा आला: चारही बाजूंनी दीड मीटर सोडा. साहेब, प्लॉट पाच बाय नऊ! उरतं दोन बाय सहा. त्यात मी झोपू की जिना काढू? वाकडी भिंत नकाशे तपासणारा संगणक घेत नाही, हे वर. समोरच्याने मात्र तीन मजले चढवून अंगणात पुढे सरकून घेतलं आणि त्याला शिक्का मिळाला. कसा, ते तुम्हीच सांगा.

"काम सुरू करा, होऊन जाईल," असं तोंडी सांगितल्यावर आम्ही कौलं उतरवली होती. पावसात ताडपत्री फाटली. माझी सगळी चित्रं भिजली, बायकोची शिसवी पेटी फुगली. आता कलाशिक्षकाच्या पेन्शनमधून सीवूड्सच्या वन-आरकेचं भाडं जातं, आणि तिचं गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकललंय. तुमच्या बंगल्याची रंगरंगोटी कधी अडल्याचं ऐकलं नाही.

पण माझ्या एका घराचं काय घेऊन बसलात! पारसिकचा डोंगर खाणींनी पोखरला तेव्हा कुठला संगणक अडला? पुलाखाली फ्लेमिंगो रंगवायचे आणि पाणथळ जागांवर इमारतींचा डोळा. घोडबंदरपासून उलव्यापर्यंत तोच एक टॉवर पुन्हा पुन्हा. ज्याच्याकडे एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येईल त्याचं प्रमाण) त्याच्याकडे कायदा, बाकीच्यांकडे पोचपावत्या.

मागणं दोनच. वसाहतीची नियमावली काढा, आणि नामंजुरीची कारणं सहीनिशी लेखी द्या. तीन महिने म्हणू नका, तारीख सांगा. टपाल सीवूड्सच्या पत्त्यावर पाठवा. बेलापूरच्या घराला सध्या दार नाही.

आपला,
एक पट्टेदार