नखाने उघडणारा फोन

मा. संपादक, स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आईच्या फोनची बॅटरी फुगली, फोन जेमतेम तीन वर्षांचा, दुकानात नेला तर तो म्हणे मागचं पॅनल हीट देऊन सोडवावं लागेल, तडकलं तर जबाबदारी तुमची, उद्या या. एका बॅटरीपायी एवढं! मला माझा सॅमसंग गॅलेक्सी वाय आठवला.

२०११ च्या शेवटी घेतला होता, सात-साडेसात हजारांना, आमच्या घरातला पहिला टचस्क्रीन. तीन इंची स्क्रीन, २ मेगापिक्सेल कॅमेरा, फ्लॅश नाही की सेल्फीची भानगड नाही, अ‍ॅप्सना जागा दोनशे एमबीसुद्धा नाही, म्हणजे एक अ‍ॅप घ्यायचं तर दुसऱ्याला नारळ. तेव्हा बऱ्याच स्वस्त फोनांवर मराठी धड दिसायचं नाही, नुसते चौकोन. मग ओपेरा मिनी या ब्राउझरमध्ये वर पत्त्याच्या जागी ओपेरा कॉन्फिग टाईप करून बिटमॅप फॉन्टच्या पर्यायात नो चं येस करायचं, की अक्षरं चित्र होऊन यायची, डेटा जास्त खायची पण जोडाक्षरं शाबूत! होस्टेलवर निम्म्या पोरांना मी हे करून दिलंय, तुमचा पेपरसुद्धा आम्ही असाच वाचायचो.

बॅटरी होती १२०० एमएएच, म्हणजे लहानशीच. पण कव्हर नखाने उचकटलं की ती हातात. प्रवासात दुसरी खिशात असायची, फोन हँग झाला की काढा-घाला, खेळ खलास.

पुढे फेब्रुवारी २०२० पासून व्हॉट्सअ‍ॅपने अँड्रॉइड २.३ चे, म्हणजे माझ्या वायसारखे, फोन सोडले, सप्टेंबर २०२१ मध्ये गूगलने त्यांवर लॉगिनपण बंद केलं. ते मी समजू शकतो, सॉफ्टवेअर जुनं होणारच. पण बॅटरी कधीतरी मरणार हे फोन बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं ना, मग ती गोंदाने चिकटवून का ठेवायची? पाण्यापासून बचाव म्हणतात, अहो आठ-दहा हजारांच्या फोनांत किती पाण्यात टिकतात? युरोपियन युनियनने २०२३ मध्ये कायदा केलाय, फेब्रुवारी २०२७ पासून बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता आली पाहिजे म्हणून, त्यातही पळवाटा आहेतच, पण निदान कायदा तरी आहे. आपल्याकडे सरकारने २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलं, तिथे दुरुस्तीची माहिती मिळते, चिकटवलेली बॅटरी काही निघत नाही. निदान स्वस्त फोनांपुरता तरी हा नियम इथे करा, महागड्या फोनवाल्यांचं ते बघून घेतील.

आईचा फोन दुसऱ्या दिवशी मिळाला, कोपऱ्यात बारीक तडा घेऊन. वाय मात्र अजून चालू आहे, आई त्यावर सकाळी विविध भारती लावते, इयरफोन खुपसून, कारण तोच त्याचा अँटेना.

आपला,
एक जुना वाचक, पुणे