सेल्फ बदलण्याआधी अर्थिंग तपासणाऱ्या काकांस

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपण पुण्याला परतलात त्याला आता दहा महिने होत आले. निघताना मी आपले आभार मानले खरे, परंतु ते घाईत, इमारतीच्या दारातच उरकले गेले आणि त्याची रुखरुख माझ्या मनात राहिली. हे पत्र मी उघडपणे लिहीत आहे, कारण कॅनडातल्या विनिपेगसारख्या शहरात नव्याने आलेल्या आणि पहिल्याच हिवाळ्यात बंद गाडीपुढे हतबल होऊन उभ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही आपण नेमके काय केले ते कळावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

रात्रपाळी संपवून सकाळी साडेसातला बाहेर यावे, उणे २८ अंशांत गाडीत बसून किल्ली फिरवावी आणि ‘खट्’ असा एकच जड आवाज होऊन सारे शांत व्हावे, असे त्या हिवाळ्यात माझ्या बाबतीत चार वेळा घडले. पहिल्या वेळी मदतीला आलेल्या माणसाने आपल्या गाडीच्या बॅटरीवरून माझ्या गाडीला जंपर केबल लावली, गाडी तत्क्षणी सुरू झाली आणि त्यावरून बॅटरी गेली असा निष्कर्ष निघाला. मी नवी बॅटरी घेतली. थंडी जरा ओसरल्यामुळे दोन आठवडे बरे गेले; पारा पुन्हा उणे ३० कडे घसरताच तोच आवाज परत आला. मग एका गॅरेजने गाडी न पाहताच सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणारी मोटर, बदलावा लागेल असे फोनवर सांगितले. त्यासाठी सांगितलेला खर्च माझ्या महिन्याच्या घरभाड्याच्या निम्म्याहून अधिक होता.

लेकीच्या बाळंतपणासाठी आपण काकूंसह आमच्याच इमारतीत मुक्कामाला होता. आपण दापोडीच्या एस. टी. कार्यशाळेत ३० हून अधिक वर्षे ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणून काम केले आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हते. माझी हकिकत ऐकून आपण कोणताही सल्ला दिला नाही. आधी प्रश्न विचारले. आवाज एकच येतो की टकटक टकटक असा सलग? किल्ली फिरवताना दिवे मंद होतात का? रात्री इंजिन गरम ठेवणाऱ्या हीटरची वायर विजेला लावलेली असते तेव्हाही असे होते का? आणि ज्या दिवशी जंपरने गाडी सुरू झाली, त्या दिवशी जंपरचा काळा चिमटा नेमका कुठे लावला होता?

शेवटचा प्रश्न मला तेव्हा निरर्थक वाटला होता, हे मी इथे कबूल करते. सलग टकटक म्हणजे बहुधा उतरलेली बॅटरी. नुसती घरघर होऊन इंजिन न फिरणे म्हणजे सेल्फचा दात इंजिनाच्या फ्लायव्हील या दातेरी चाकाला न लागणे. काहीच आवाज नसणे म्हणजे रिले, फ्यूज किंवा किल्लीचा स्विच, एवढे आपण समजावून दिले. एकच जड ‘खट्’ आणि त्याच वेळी दिवे मात्र लख्ख, याचा अर्थ बॅटरीत जोर आहे पण तो सेल्फपर्यंत पोहोचत नाही. सेल्फ आतून अडकला असता तर त्याने भरमसाट प्रवाह खेचला असता आणि दिवे मंदावले असते. काळा चिमटा त्या दिवशी बॅटरीला न लावता इंजिनाच्या लोखंडाला लावलेला होता. सुरक्षिततेसाठी तसाच लावावा असे सांगतात, परंतु त्यामुळे माझ्या गाडीची अर्थिंगची केबल, म्हणजे बॅटरीची ऋण बाजू इंजिनाच्या लोखंडाशी जोडणारी तार, आपोआप वगळली गेली होती आणि सर्वांची दिशाभूल झाली होती.

“दुखणं अंगात असतानाच बघायचं,” असे म्हणून आपण मला शनिवारी रात्री हीटरची वायर मुद्दाम काढून ठेवायला लावली. रविवारी सकाळी, उणे ३१ अंशांत, काकूंनी विणलेली कानटोपी घालून आपण बॉनेटपाशी उभे राहिलात, आणि मी आत बसून आपल्या इशाऱ्यावर किल्ली फिरवत होते. बॅटरी स्थिर असताना १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. किल्ली फिरवताना ११.८. तेवढ्या थंडीत बॅटरी ८.५ पर्यंत खाली आली असती तरी आपण तिला दोष दिला नसता, असे आपण सांगितले होते. नंतर मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर, क्लॅम्पवर नव्हे तर थेट शिशावर, आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवून आपण पुन्हा किल्ली फिरवायला सांगितले. तिथे पाव व्होल्टच्या आसपास आकडा यायला हवा होता. तो आला ३.७.

मग आपण जंपरची एकच केबल बॅटरीच्या ऋण खुंटीपासून इंजिनापर्यंत जोडली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. त्या क्षणी मला रडू आले होते. आपण ते पाहून न पाहिल्यासारखे केले, त्याबद्दलही आभार.

अर्थिंगची केबल काढली तेव्हा इंजिनाकडच्या टोकाला, रबराच्या आत, तारा काळ्या पडून हिरवट पांढरी बुरशी धरली होती. रस्त्यांवर टाकलेल्या मिठाचे पाणी तिथवर मुरले होते. केबलचा विद्युतरोध नुसता ओहममध्ये मोजून हा दोष सापडला नसता, कारण दीडशे अँपिअर वाहू लागल्यावर एका ओहमचा चाळिसावा भागही पावणेचार व्होल्ट गिळतो, आणि साध्या मीटरवर तो जवळजवळ शून्यच दिसतो. उन्हाळ्यात तीच केबल खपून जात होती, कारण तेल पातळ असते, इंजिन हलके फिरते आणि बॅटरीतही ताकद असते. हिवाळ्यात तेल घट्ट होऊन सेल्फला अधिक प्रवाह लागतो आणि नेमक्या त्याच वेळी बॅटरीची देण्याची क्षमता घटते. हीटर लावलेल्या सकाळी गाडी का रुसत नव्हती, तेही मला तेव्हाच उमगले. नवी केबल, घासून स्वच्छ केलेला बोल्ट आणि वरून व्हॅसलीनचा हात, एवढ्यावर काम झाले. सेल्फ जुनाच आहे.

त्या दिवशी निघताना आपण दोन गोष्टी बजावल्या होत्या आणि मी त्या पाळते: दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारायचा नाही, आणि पूर्ण उतरलेली बॅटरी गोठली असल्याची शंका आली तर तिला जंपर लावायचाच नाही. इंजिनाचे तेलही मी ५डब्ल्यू-३० ऐवजी थंडीत अधिक पातळ राहणारे ०डब्ल्यू-३० घातले आहे. गाडीच्या पुस्तिकेत त्याला परवानगी आहे, हे आधी पाहून घेतले.

गेल्या आठवड्यात यंदा पहिल्यांदा पारा उणे २६ वर उतरला. मी शेजारणीला किल्ली फिरवायला बसवले आणि आपण दाखवले तसे मीटर लावले. ऋण खुंटी ते इंजिन: ०.१५ व्होल्ट. आकडा तारखेसह वहीत लिहून ठेवला आहे. त्याच्या वरच्या ओळीत आपल्या हाताने लिहिलेला ३.७ अजून तसाच आहे.

काकूंना नमस्कार, बाळाला आशीर्वाद.

आपली कृपाभिलाषी,
चौथ्या मजल्यावरची शेजारीण