पेपर टाकू का?

सम्या लेका,

दिवाळीपासून फोन नाही, मेसेज नाही, तुझ्या साखरपुड्याच्या फोटोवर नुसता अंगठा टाकून मोकळा झालो, त्याच्या शिव्या लग्नात दे. तब्येत बरी आहे, पित्त आहे ते आहेच. लिहितोय कारण काल एक प्रकार झाला आणि रूमवर सांगून उपयोग नाही, ही पोरं 'अप्लाय करत रहा भावा' म्हणतात आणि परत रील बघायला लागतात.

खराडीच्या एका कंपनीतून फोन आला. मी भूमकर चौकात बसमधे लोंबकळत होतो तरी घेतला. जावा, स्प्रिंग बूट, दोन वर्षं, पॅकेज, सगळं जुळलं, ती बाई खूश, मी तर मनात खराडीत रूम पण बघून आलो. मग तिनं विचारलं नोटीस किती, म्हणजे राजीनामा दिल्यावर किती दिवस थांबावं लागेल? म्हटलं ९० दिवस. कमी होईल का? म्हटलं प्रयत्न करतो. 'ओके, कळवते.' संपलं. आम्हाला ३० दिवसात येणारा माणूस पाहिजे एवढं तरी सांगायचं!

तेव्हापासून डोक्यात एकच, की हातात ऑफर नसताना पेपर टाकावा का, म्हणजे राजीनामा द्यावा का. नोकरी डॉट कॉमवर नोटीसचा रकाना असतो ना, रिक्रूटर तिथंच चाळण लावतात, तीन महिनेवाला त्यांना दिसतच नाही. आपण रोज सकाळी प्रोफाईलमधला एक शब्द बदलून सेव्ह करा नाहीतर काय पण करा. तेच 'नोटीस चालू आहे' टाकलं की फोन वाजायला लागतात म्हणे. पण ते पण लगेच नाही, पहिला महिना कुणी विचारत नाही कारण अजून ६० दिवस बाकी असतात, खरे फोन शेवटच्या ३० दिवसात, आणि तोपर्यंत आपली झोप उडालेली. बायआऊट, म्हणजे उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर सुटणं म्हणशील तर माझ्या ऑफर लेटरमधे 'कंपनीच्या मर्जीनुसार' असं लिहिलंय, आणि आमच्या मॅनेजरची मर्जी तुला माहितीय, दीपकला लग्नाला चार दिवस रजा देताना काय तोंड केलं होतं.

तू टाकला होतास म्हणून तुला विचारतोय. आणि मग साताऱ्यात घरी बसून गल्लीला वर्क फ्रॉम होम सांगायचास, काकू दारात उभ्या राहून 'त्याची मीटिंग चालूय' म्हणायच्या आणि तू आत झोपलेला. हसू नको, मला खरंच सांग, त्या दिवसात पैशाची भीती जास्त होती का लोकांची? पैशाचं मी बघितलंय, भाडं, मेस आणि एज्युकेशन लोनचा हप्ता धरून पाच महिने निघतात. बाबांचं नाही बघितलं. टीसीएसनं जुलै २०२५ मधे १२ हजारांवर लोक कमी करणार म्हणून सांगितलं तेव्हापासून ते दर रविवारी 'आहे ती धरून ठेव' म्हणतात, आणि एआयबद्दल माझ्यापेक्षा जास्त त्यांना माहिती.

आता खरं दुखणं. रेझ्युमे उघडला की पुढं जातच नाही. दोन वर्षं काय केलं? सपोर्ट. रात्री सिस्टीमवर आपोआप चालणारा जॉब अडकला, लॉग बघितला, रीस्टार्ट केला, तिकीट बंद. तू म्हणशील मी तेव्हाच सांगितलं होतं. सांगितलं नव्हतंस, प्रोजेक्ट वाटप झालं तेव्हा तू फक्त हसला होतास, आणि स्वतः बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना बसून कॅरम खेळत होतास! इथले सगळे म्हणतात सरळ 'डेव्हलपमेंट' लिही, बॅकग्राऊंड चेकमधे तारखा आणि डेझिग्नेशन बघतात, डेझिग्नेशन तर सॉफ्टवेअर इंजिनिअरच आहे. बरोबर आहे, तिथं कुणी धरणार नाही. पण समोरच्यानं विचारलं की तुम्ही लिहिलेली एपीआय लाईव्हला जाऊन पडली तेव्हा काय केलंत, तर? पडलेली मी रोज बघतो रे, लिहिलेली एकही नाही. जावातल्या हॅशमॅपच्या एका बकेटमधे ८ च्या वर नोंदी गेल्या आणि टेबल निदान ६४ चं असलं की लिंक्ड लिस्टचं रेड ब्लॅक ट्री होतं, हे मला झोपेत विचार. दोन वर्षात त्याचं कधी काम पडलं नाही.

एकच गोष्ट माझी आहे. ती पायथनची स्क्रिप्ट, रात्रीच्या लॉगमधले एकसारखे एरर एकत्र करून एकच तिकीट काढते ती. आमच्या शिफ्टला अजून तीच वापरतात, सकाळचा रिपोर्ट त्यातनंच निघतो. ती आणि एक मोठा आऊटेज, म्हणजे सिस्टीम बंद पडली होती तो, कुठं शोधलं, काय सापडलं, परत होऊ नये म्हणून काय बदललं, असं दोनच सविस्तर लिहायचं म्हणतोय. आणि नुसत्या डेव्हलपरच्या मागं न लागता सिस्टीम चालू ठेवायच्या एसआरई, प्लॅटफॉर्म असल्या जागांना पण टाकायचं, तिथं रात्रीचे रीस्टार्ट अनुभवात धरतात. लिनक्स बरं येतं, कुबरनेटीस शिकणं घरी बसून चाललंय. तुझ्याकडं रेफरल आत्ता मागत नाही, वाया जाईल. आधी मार्चचं अप्रेझल आणि व्हेरिएबल पगार खात्यात येऊ दे, मग एप्रिलमधे पेपर टाकेन. टाकेन म्हणजे, तू हो म्हणालास तर. नाही म्हणालास तरी कदाचित.

बंगळुरूचं तुझं काय, नवीन टीमलीड माणसात आहे का? वहिनींना कन्नड येतं म्हणून भाजीवाला तुला फसवत नाही असं पक्यानं सांगितलं, चांगलंय. हॉल कराडला का साताऱ्याला ते आधी ठरवा, मला रजा टाकायला लागते. फ्रिज विकल्याचे माझे सातशे रुपये आहेराच्या पाकिटातून वळते करतोय, नंतर बोंबलू नको.

रविवारी शिफ्ट नाही, नऊनंतर फोन कर आणि तासभर माझा इंटरव्ह्यू घे, दया दाखवू नको. सुरुवात त्या आऊटेजपासून कर, तिथंच माझं ततपप होतं.

तुझा,
पश्या