यंदा कापूस हलवणार नाही

प्रिय बाई,

पहिला वेचा झाला. वेचणीची सीतादहीची पूजा परवाच केली. समोरच्या खोलीत कापूस पार खिडकीपर्यंत पडला आहे. दरवर्षी तू दिवाळीला यायच्या आत आम्ही तो मागच्या कोठ्यात हलवायचो आणि खोली दोनदा धुऊन काढायचो. यंदा हलवणार नाही. फोनवर हे सांगताना माझा आवाज कापला असता, म्हणून लिहितो आहे.

तुझी भीती हवेतून आली असं मी कधी म्हणणार नाही. २०१७ च्या फवारणीत आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या वर माणसं विषबाधेनं गेली. तू तेव्हा आठवीत. मी फवारून आलो की न्हाणीच्या दारात उभी राहून विचारायचीस, "बाबा, नीट धुतलं ना?" ते विचारणं बरोबरच होतं. फवारताना तोंडावर मास्क, नंतर आंघोळ, कपडे वेगळे, हे मी आजही पाळतो. पण चैत्र आला, वावर मोकळं झालं, तरी तो प्रश्न गेला नाही. तो ओसीडीचा, म्हणजे तीच भीती आणि तेच धुणं पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजाराचा प्रश्न होता. दाराची कडी, माझा दुपट्टा, पिठाचा डबा, तुझ्या लेखी सगळ्याला विष लागलेलं. मी म्हणायचो, "नाही वं, नाही लागलं." एका रात्रीत वीस वेळा. तुला दोन मिनिटं बरं वाटायचं, की प्रश्न परत. आता कळतं, माझं ते "नाही" म्हणजे तणाला टाकलेला युरिया होता.

आणखी एक गोष्ट आजवर बोललो नाही. त्या मे महिन्यात विहीर आटली होती. तुझी आई टँकरवरून गुंड भरभरून आणत होती आणि तू न्हाणीतून बाहेर येईना. मी टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला आणि तुझा साबणाचा हात धरून तुला ओढत बाहेर आणलं. बोटांच्या पेरांवरची कातडी फाटून पांढरी पडली होती. ती मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिली. चुकलो मी, बाई.

नागपूरला तुझ्यावर उपचार करणाऱ्या मॅडमनी सांगितलं, की १९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञांनी दोन रुग्णांवर तुझ्यासारख्याच उपचाराचा अनुभव मांडला, आणि त्यात धुण्यावर बंधन घालायला नळाचं पाणीसुद्धा बंद ठेवलं होतं. ऐकून माझ्या पोटात गोळा आला. मग त्यांनी फरक समजावला. ईआरपीत, म्हणजे भीतीला सामोरं जाऊन न धुता थांबायच्या तुझ्या या उपचारात, भीतीच्या पायऱ्या तू स्वतः मांडतेस, शून्य ते शंभर आकडे तूच देतेस, आणि पुढची पायरी तुझ्या होकाराशिवाय चढायची नाही. मी केला तो नुसता राग होता.

त्या दिवशी मॅडमसमोर तू माझा दुपट्टा मांडीवर घेतलास. ऐंशी म्हणालीस. हात पालथे ठेवले होतेस, अंगठा थरथरत होता. घड्याळात वीस मिनिटं झाली तरी ऐंशीच. मी बोलायला तोंड उघडलं, तर मॅडमनी नुसता हात वर केला. तासाभरानं तू पन्नास म्हणालीस आणि हात न धुता माझ्यासोबत चहा प्यालीस. आकडा दर वेळी उतरेलच असं नाही, मॅडम म्हणाल्या. छातीत धडधड असतानाही न धुता बसता येतं, हे तिला कळू द्या. मला तर त्या चहाच्या कपाकडे बघवत नव्हतं.

तुझ्या वहीत खोलीच्या उंबऱ्यात उभं राहणं चाळीसवर आहे, कापसात हात घालणं सत्तरवर, आणि न धुता भाकर खाणं पंचाण्णववर. शेवटची फवारणी होऊन महिना उलटला. तुझी आई आणि मजूर बाया रोज उघड्या हातांनी कापूस वेचतात. फवारणीच्या औषधाचे डबे कुलपात आहेत, त्यांना हात लावायचा नाही, ना तू ना मी. उंबऱ्यापासून सुरू कर. यंदा तिथूनच परत फिरलीस तरी चालेल. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नको.

आणि तू विचारशीलच, "बाबा, लागलं तर नाही ना?" मी उत्तर देणार नाही. आपलं ठरलं तेवढंच म्हणेन, "हा आजाराचा प्रश्न आहे, मी बसतो तुझ्याजवळ." आईलाही सांगून ठेवलं आहे. तिला जड जाईल, ती रडेल, तरी तिच्याकडे जाऊन विचारू नको.

गुरुवारी संध्याकाळच्या एसटीला मी फाट्यावर उभा राहीन. खांद्यावर तोच दुपट्टा असेल, वेचणीचा, न धुतलेला. बॅग माझ्याकडे दे. हात धरायचा की नाही, ते तू ठरव.

तुझा,
बाबा