मग विजयालक्ष्मी पंडित कोण होत्या?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत महिला राज्यपालांवर पानभर लेख आला आहे. त्याच्या तिसऱ्या रकान्यात एक वाक्य आहे : ‘महाराष्ट्राला मात्र अद्याप महिला राज्यपाल लाभलेली नाही.’ हे धडधडीत चूक आहे. 28 नोव्हेंबर 1962 पासून ऑक्टोबर 1964 पर्यंत विजयालक्ष्मी पंडित महाराष्ट्राच्या राज्यपाल होत्या. मराठी वर्तमानपत्रात हे वाक्य लेखकाच्या हातून सुटलं, उपसंपादकाच्या डोळ्यांखालून गेलं आणि छापूनही आलं, याचा मला राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही.

मी तेव्हा ठाण्यातच शाळेत होते. चीनच्या युद्धामुळे यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, ते दिवस. आमच्या बाई फळ्याच्या कोपऱ्यात रोज सामान्यज्ञान लिहायच्या : मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार, राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित. ते आम्ही घोकायचो. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात कन्नमवार गेले, डिसेंबरात वसंतराव नाईक आले, फळ्यावरचं वरचं नाव बदललं, खालचं तेच राहिलं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचं अध्यक्षपद 1953 मध्ये भूषवलेल्या, त्या खुर्चीवर बसलेल्या जगातल्या पहिल्या स्त्री आपल्या राज्याच्या राज्यपाल आहेत, हे बाईंनी आम्हाला किती अभिमानाने सांगितलं होतं!

एका वाक्यावरून एवढं काय, असं आपल्या कार्यालयात कोणी म्हणेल, म्हणून सांगते. काही वर्षांपूर्वी वाशीच्या एका शाळेत महिला दिनानिमित्त आंतरशालेय प्रश्नमंजूषा होती. माझी नात नेरूळला असते, तेव्हा आठवीत होती, तिच्या शाळेच्या संघात होती. मी हौसेने ठाण्याहून ट्रान्स हार्बरची गाडी पकडून गेले होते. ‘चूक की बरोबर’च्या फेरीत प्रश्न आला : महाराष्ट्राला आजवर एकही महिला राज्यपाल लाभलेली नाही. नातीने क्षणात ‘चूक’ म्हटलं आणि विचारायच्या आधीच नाव सांगितलं, कारण ते नाव तिने माझ्या तोंडून लहानपणापासून ऐकलेलं. परीक्षकांनी हातातला कागद पाहिला आणि तिचं उत्तर चूक ठरवलं. उणे गुण मिळाले. त्या फेरीनंतर त्यांचा संघ बाहेर पडला.

मी कार्यक्रम संपेपर्यंत थांबले. मग संयोजक सरांकडे गेले. अगदी सौम्यपणे सांगितलं, सर, त्या मुलीचं उत्तर बरोबर होतं. त्यांनी फाइल उघडली, तिच्यात प्लास्टिकच्या कव्हरात वर्तमानपत्राचं कात्रण होतं. त्यात एका वाक्याखाली लाल पेनाने रेघ मारलेली. ‘आजी, हे बघा, पेपरात छापून आलंय.’ मी म्हटलं, सर, पेपर चुकलाय, राजभवनाकडची माजी राज्यपालांची यादी बघा. ते म्हणाले, ‘आजी, निकाल जाहीर झालाय, पुढच्या वर्षी बघू.’ कात्रणाचा वरचा भाग कापलेला होता, त्यामुळे ते कोणत्या पेपरचं होतं हे मला कळलं नाही. ते तुमचं होतं असा आरोप मी करत नाही. पण काल तुमच्या पुरवणीत तेच वाक्य, जवळजवळ त्याच शब्दांत, पुन्हा वाचलं. म्हणजे हे कात्रण अजून फिरतंय आणि एक लेखक दुसऱ्याचं वाचून लिहितोय. गाडीत परतताना नात मला एवढंच म्हणाली, ‘आजी, मी आपली गप्प बसायला हवं होतं.’ बरोबर उत्तर दिलेल्या मुलीला असं वाटावं, याला जबाबदार कोण?

आता लेखाबद्दल. सरोजिनी नायडूंना तुमच्या लेखकाने ‘कोकिळा’ म्हणून दोन ओळींत संपवलं. फाळणीनंतरच्या त्या भयंकर दिवसांत त्यांनी संयुक्त प्रांतासारखा, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशासारखा, अवाढव्य प्रांत राज्यपाल म्हणून सांभाळला आणि 2 मार्च 1949 रोजी पदावर असतानाच लखनौमध्ये त्यांचं निधन झालं, हे कुठे आहे? त्यांची मुलगी पद्मजा नायडू 1956 पासून दहा वर्षांहून अधिक काळ पश्चिम बंगालच्या राज्यपाल होत्या. त्यांचा नुसता फोटो आहे, मजकूर नाही. किरण बेदी पुद्दुचेरीच्या पहिल्या महिला नायब राज्यपाल, असंही छापलं आहे. त्याही नव्हेत. त्यांच्या आधी चंद्रावती, राजेंद्रकुमारी बाजपेयी आणि रजनी राय त्या पदावर होऊन गेल्या. राज्यपालपदाला ‘मायेचा स्पर्श’ झाला, असं एक वाक्य आहे, ते वाचून तर मी पुरवणी खाली ठेवली. फातिमा बीवी तामिळनाडूच्या राज्यपाल असताना मे 2001 मध्ये त्यांनी जयललितांना मुख्यमंत्रिपदाची शपथ दिली. जयललिता तेव्हा निवडणूक लढवायलाही अपात्र होत्या. फातिमा बीवींना त्याच वर्षी पद सोडावं लागलं आणि सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने जयललितांची ती नेमणूकच रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश असलेल्या बाईंच्या हातून हे घडलं. त्यांचा निर्णय चुकला असं मला वाटतं, आणि तसं स्पष्ट लिहिण्यातच त्यांचा मान आहे. पुरुष राज्यपालाच्या निर्णयाची चिरफाड करायची आणि बाई असली की तिच्या मायेचं कौतुक करायचं, ही वागणूक मला अपमानाची वाटते.

आणि महाराष्ट्राच्या मुली? शारदा मुखर्जी रत्नागिरीच्या खासदार होत्या. पुढे आंध्र आणि मग गुजरातच्या राज्यपाल झाल्या. गुजरातेत मोरबीचं धरण 1979 मध्ये फुटलं तेव्हा त्याच तिथल्या राज्यपाल होत्या. 1980 मध्ये गुजरातेत राष्ट्रपती राजवट लागली तेव्हा कारभार त्यांच्याकडेच आला. प्रतिभाताई पाटील राजस्थानच्या राज्यपाल असताना 2006 मध्ये त्यांनी धर्मांतराविषयीचं विधेयक सही न करता परत पाठवलं. वर्ध्याच्या प्रभा राव आधी हिमाचलच्या, नंतर राजस्थानच्या राज्यपाल होत्या आणि 2010 मध्ये पदावर असतानाच गेल्या. लेखात प्रतिभाताईंचं नाव आहे, तेही राष्ट्रपती म्हणून. बाकीच्या दोघी नाहीतच. मराठी वाचकाला हे मराठी पेपर सांगणार नसेल तर कोण सांगणार?

खरा प्रश्न लेखाने विचारलाच नाही. विजयालक्ष्मीबाईंनी पद सोडल्यानंतर साठ वर्षं उलटली, मलबार हिलवर दुसरी महिला राज्यपाल आली नाही. विधानसभेला बायकांना तिकीट का देत नाही असं विचारलं की सगळे पक्ष एकच उत्तर देतात, निवडून येण्याची क्षमता. राज्यपालाला कुठे निवडून यायचंय? राज्यघटनेच्या अनुच्छेद 157 प्रमाणे भारताचं नागरिकत्व आणि 35 वर्षं पूर्ण, एवढी पात्रता पुरते. नेमणूक राष्ट्रपती करतात, म्हणजे प्रत्यक्षात केंद्र सरकार करतं. प्रचार नाही, पैसा नाही, जातीचं गणित नाही. मग इथे बाई नेमायला कोणती अडचण आहे? काँग्रेसच्या सरकारांनाही हे विचारायला हवं होतं आणि भाजपच्या सरकारांनाही. राज्याला पहिल्या महिला पोलीस महासंचालक आणि पहिल्या महिला मुख्य सचिव मिळायला 2024 उजाडलं, महिला मुख्यमंत्री तर अजून नाहीच. हा प्रश्न विचारायची संधी आपल्याकडे होती, पानभर जागा होती. ती राजभवनांच्या बागा आणि साड्यांच्या काठांवर गेली.

माझी मागणी साधी आहे. दुरुस्ती छापा, आणि ती दुसऱ्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत नको. ज्या पुरवणीत चूक छापली त्याच पुरवणीत, त्याच पानावर, नाव आणि तारखांसह छापा. शाळांमधून तुमची कात्रणं पुरावा म्हणून ठेवली जातात, तेव्हा दुरुस्तीचंही कात्रण करता आलं पाहिजे.

आणखी एक. वाचकांच्या पत्रांच्या सदराखाली पूर्वी टपालाचा पत्ता असायचा, आता फक्त ई-मेल असतो आणि ‘दोनशे शब्दांत लिहा’ अशी ताकीद. ठाणे पुरवणीची पहिली पानं घोडबंदरच्या टॉवरांच्या जाहिरातींना देता, त्यात वाचकांसाठी एक रकाना निघत नाही? माझ्या वयाची कितीतरी माणसं हाताने पत्र लिहितात. हे पत्र मी हाताने लिहिलं आणि शेजारच्या मुलाकडून टाइप करून घेतलं, त्यात सोमवारचा अर्धा दिवस गेला. पत्र लांबलं आहे हे मला माहीत आहे. कापायचं असेल तर माझी तक्रार कापा, पण नावं आणि तारखा कापू नका, आणि तो टपालाचा पत्ता पुन्हा छापायला सुरुवात करा.

कळावे,
एक निवृत्त शिक्षिका,
नौपाडा, ठाणे (प.)